राजा, गाडीत बस

मी नवरदेवाचा कान पिळला. ही माझी चूक.

यवतमाळातलं मोठं मंगल कार्यालय. एका वकिलाच्या पोरीचं लग्न. होम चालू होता. गुरुजींनी मान वर केली आणि म्हणाले, "कानपिळी करून घ्या. मुलीचा भाऊ कुठाय?"

आमच्याकडं ही रीत आहे. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग वरपक्ष भावाला कापड देतो, लोक हसतात, गुरुजी पुढच्या मंत्राला लागतात.

या नवरीला सख्खा भाऊ नव्हता. पुण्याचा एक मावसभाऊ ठरवून ठेवला होता, तो नेमका फोनवर बोलायला बाहेर गेलेला. गुरुजी पुन्हा म्हणाले, "अहो, भाऊ आहे का कोणी?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहून राहिले.

मी दाराशी हारांची टोपली धरून उभा. मला वाटलं, कमाल आहे यांची. मी आहे ना.

टोपली खाली ठेवली. हात पँटीला पुसले. मांडवात शिरलो आणि धरला कान. मऊ होता. कोवळ्या बोंडासारखा. मी जरा जोरातच पिळला, कारण काम करायचं तर नीट करायचं.

आधी हशा झाला. लोकांना वाटलं, कोणीतरी मुद्दाम गंमत केली. मीही हसलो. मग नवरदेवाच्या काकानं विचारलं, "हा कोण?"

"हा होय? आमचा ड्रायव्हर आहे हो," नवरीची आई म्हणाली. आणि माझ्याकडं वळून, आवाजात साखर घालून, "राजा, जा बेटा, गाडीत बस हं."

बाईंनी कमरेचा रुमाल काढला. तांब्यातल्या पाण्यात बुडवला. पिळला. आणि जावयाचा कान पुसला. कानाची पाळी. पाळीच्या मागं. आतल्या वळ्या. लहान लेकराचा पुसावा तसा.

"हाताला ऑइल असतं ना त्याच्या," त्या काकाला म्हणाल्या.

ऑइल नव्हतं. सकाळी साबण लावून मी हात असे घासले होते की साबणाची वडी अर्धी झाली होती. अंगात नवा शर्ट होता. घड्या मोडलेल्या दिसू नयेत म्हणून गाडीत ताठ बसून आलो होतो.

मी गाडीत जाऊन बसलो. काही वेळानं एक वाढपी ताट घेऊन आला. "राजा कोण हाय? बाईनं पाठवलं."

"मीच," मी म्हटलं.

जेवलो. जिलबी चांगली होती. परत मागवली. ही गोष्ट लपवता आली असती, पण त्या वाढप्याची सासुरवाडी आमच्याच गावची निघाली.

आता तुम्ही म्हणाल, माणूस इतका येडा असतो का? असतो. पण मला येडं करायला बाईंनीही कष्ट घेतले होते.

कापूस बुडाला त्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा आमच्या भागात गोड बोलणाऱ्यांची धाड आली होती. गावात पांढऱ्या गाड्या यायच्या. कॅमेरेवाले यायचे, पाहणीवाले यायचे, शहरातली मंडळं यायची. दार उघडून पाय खाली टेकला की सुरू. बाबा. माउली. दादा. ज्यांच्या घरी गडीमाणूस ओसरीच्या वर चढला नसेल, ते आमच्या मायच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घ्यायचे. एकदा कुठूनशी आलेली एक पोरगी माझ्या बापाला "बाबा, बाबा" करत डोळे पुसून राहिली. बाप घाबरला. मायच्या कानाशी लागून म्हणाला, "हे कोणाची वो? आपल्याले कधी झालती?"

मी या सगळ्या माणसांना गावोगाव न्यायचो. आर्णीच्या एका मालकाची काळी-पिवळी जीप माझ्या हाती होती. एरवी आर्णी ते यवतमाळ सवाऱ्या कोंबायच्या, आणि वकीलसाहेबांच्या बाईंनी बोलावलं की त्यांच्या मंडळाला खेड्यात न्यायचं. बाई साड्या वाटायच्या, डबे वाटायच्या, बायकांचे हात हातात घ्यायच्या. माझ्या मायचाही घेतला. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसून घुसून तिच्या हाताची किसणी झाली आहे.

"माउली, किती सोसता हो तुम्ही," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर माय म्हणाली, "लय मऊ हात हाय बाईचा. माह्या हातानं ओरखडला असन तिले." तिला खरंच काळजी वाटत होती. येडेपणा आमच्या घराण्यातच आहे.

मला बाई पहिल्या दिवसापासून राजा म्हणायच्या. राजा, गाडी सावलीत लाव. राजा, डबे उतरव बेटा. तू तर आमच्या घरचाच. आमच्या वस्तीतल्या पोराला शहरातली बाई बेटा म्हणते, याची मला एवढी फुशारकी की पानठेल्यावर मी तेच सांगत बसायचो. त्यांच्या घरी चहाही मिळायचा. माझा कप वेगळा होता, कान तुटलेला, खिडकीत पालथा ठेवलेला. मला वाटायचं, पहा, आपल्यासाठी खास कप राखून ठेवला आहे.

मग भाऊबीज आली. मंडळानं एका गावात शेतकरी भावांना ओवाळायचा कार्यक्रम ठेवला. पाट मांडले. पेपरवाला बोलावला. ऐनवेळी एक भाऊ कमी पडला, रांगेत एक पाट रिकामा दिसू लागला. फोटोत ते वाईट दिसलं असतं.

"राजा, तू बस रे," बाई म्हणाल्या.

मी बसलो. समोर बाईंची हीच पोरगी ताट घेऊन आली. कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, ओवाळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला बहीण नाही. ओवाळणी टाकायला खिशात हात घातला तर डिझेलचे पैसे होते. टाकले सगळे.

परत येताना जीप घाटात बंद पडली. बाई आत बसून होत्या. मी खाली उतरून एकटा धक्का मारत होतो आणि बाई काचेतून म्हणत होत्या, "राजा, काळजी घ्यायला नको का रे गाडीची?" मी म्हटलं, "व्हय बाई, चुकलंच." डिझेल कुठं गेलं ते सांगितलं नाही. बहिणीला दिलेलं सांगू नये.

तर ते असं. म्हणून मी मांडवात शिरलो. भाऊ म्हणून बसवलं होतं, भाऊ म्हणून उठलो.

लग्नानंतर महिनाभर मी तसाच राजा होतो. राग आला नाही. आला असेल तरी कुठं ठेवायचा ते माहीत नव्हतं. मग एक दिवस बाई म्हणाल्या, "राजा, त्या व्हिडिओवाल्याकडं जाऊन ये बेटा. सीडी तयार होतेय. तो कानाचा भाग काढून टाक म्हणावं. तेवढाच. कसं दिसतं ना."

मी गेलो. मला काही वाटलं नाही. व्हिडिओवाला माझ्या ओळखीचा. त्यानं विचारलं, "कोनता भाग?" मी म्हटलं, "मीच हावो त्याच्यात." त्यानं कॉम्प्युटरवर तो भाग लावला.

पडद्यावर मी शिरलो. कान धरला. लोक हसले. बाईंनी रुमाल काढला, बुडवला, पिळला. पुसायला लागल्या. कॅमेरा तिथंच थांबलेला. आणि मागं, नवरदेवाच्या खांद्याच्या वर, मी दिसत होतो.

मी हसत होतो.

कान पुसणं चालू आणि मी हसून राहिलो. सगळे दात दिसत होते. बाई पाळीच्या मागं पुसतात, मी हसतो. "हाताला ऑइल असतं" म्हणतात, मी मान हलवतो. हो म्हणून. नसलेल्या ऑइलला मीच हो म्हटलं.

"परत लाव," मी म्हटलं.

त्यानं परत लावलं. मी परत हसलो. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मला त्या पडद्यावरच्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. नवरदेवाच्या नाही. बाईंच्याही नाही. त्या हसणाऱ्याच्या.

त्या घरात कुत्रा होता. त्याला नाव होतं. नातेवाईक आले की बाई त्याला नावानं हाक मारून ओळख करून द्यायच्या. मला राजा. भाजीवाल्याला राजा. नळ दुरुस्त करायला आलेल्याला राजा. एवढे राजे एका घरात, आणि सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या.

मला तिथं, त्या खुर्चीवर, पहिल्यांदा समजलं की हा शब्द मला दिलेला नव्हता. माझ्यावर टाकलेला होता. पांघरूण टाकतात तसा. खाली कोण आहे ते पाहावं लागत नाही.

"काढू का मग?" व्हिडिओवाल्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बाईनं सांगितलं, हा भाग दोनदा दाखवायचा. हळूहळू. आणि रुमाल येते तवा ते पत्त्यातले बदाम सोडतं ना तू, ते सोड."

"बाईनं सांगितलं?"

"सोता सांगितलं."

त्यानं सोडले. लाल बदाम. वर सनई.

पोरीच्या सासरी पूर्ण घर जमवून ती सीडी लावली म्हणतात. कान पुसणं दोनदा, हळूहळू, बदामांसकट. काका उठून गेला म्हणतात. मी आठ दिवस हवेत होतो. वाट पाहत होतो की बाई आता बोलावतील, शिव्या देतील, विचारतील, तूच केलंस ना?

बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "राजा, त्या व्हिडिओवाल्यानं किती घोळ केला बघ. तू नीट निरोप दिला होतास ना बेटा? मूर्ख आहे तो." आणि त्या बिचाऱ्याला फोनवर झाडलं.

त्यांच्या मनातही आलं नाही. राजाला राग येऊ शकतो, राजा बदला घेऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. माझा एवढा मोठा सूड, आणि त्याच्यावर दुसऱ्याचं नाव लागलं. पुन्हा एक मूर्खपणा.

तेव्हा ठरवलं. आता घ्यायचा तर समोरासमोर. आणि नावानिशी.

पुढच्या महिन्यात मंडळाचा कार्यक्रम माझ्याच गावात लागला. शाळेच्या पटांगणात मांडव. नागपूरहून कोणी मोठे साहेब आलेले, त्यांच्या हातानं साड्या वाटायच्या होत्या. खाली वेचणीच्या बाया बसलेल्या, त्यांच्यात मागं माझी माय. स्टेजवर साहेब, बाई, मंडळाच्या काकू. मी बाजूला गठ्ठे उतरवत होतो.

बाई बोलायला उठल्या. आपण सगळे एक कुटुंब आहोत वगैरे. मग म्हणाल्या, "आता हा बघा. जगासाठी ड्रायव्हर असेल. पण मी याला पोटचा लेक मानते. ये राजा. ये, लाजू नको. दोन शब्द बोल."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी गठ्ठा खाली टाकला आणि वर गेलो. जीप मालकाची होती, बाईंचा एक फोन आणि चावी गेली असती. घरी बापाचं वावर पडीक, मायची मजुरी, आणि माझी गाडी. बस एवढंच होतं. मला ते माहीत होतं. तरी माइक धरला.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही मले लेक म्हणता."

"आहेसच तू," बाई हसल्या.

"मंग लेकाचं नाव सांगा."

बाई पुन्हा हसल्या. "अरे राजा..."

"राजा नाही. मायनं ठेवलेलं."

माइक सूं सूं वाजला. बाईंनी शेजारच्या काकूंकडं पाहिलं. काकूंनी साड्यांच्या गठ्ठ्याकडं पाहिलं. साहेब माझ्याकडं, मग बाईंकडं, मग माझ्याकडं.

"हा आपला... अरे, जिभेवर आहे रे..."

खालून एक वेचणारी म्हणाली, "सांगा ना वो बाई. पोटचा व्हय ना?"

बाया हसल्या. तोंडाला पदर लावून नाही. उघड हसल्या. त्या काळात आमच्या गावात इतकं हसू मी ऐकलं नव्हतं.

"दीड वर्स झालं," मी म्हटलं. "तुमचा कुत्रा मी नावानं ओळखतो."

तेवढ्यात मागून माय उभी राहिली. आणि तिनं माझं नाव घेतलं. सगळं. माझं, बापाचं, आणि शेवटी आडनाव. पार शाळेच्या भिंतीवर आपटून परत आलं ते.

आडनाव पडलं तशी स्टेजवरच्या एका काकूंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. कोणाला दिसला नसेल. मला दिसला. रुमाल ओळखायला शिकलेला माणूस पदरही ओळखतो.

"बेटा, घरी बोलू आपण," बाई हळूच म्हणाल्या. आवाज हळू असला तरी माइक चालू होता.

"बेटा म्हणू नका. ड्रायव्हर म्हना. थो मी हावो. बेटा मी त्या मागच्या बाईचा. अन हात धुतलेले होते त्या दिवशी."

खाली उतरलो. जीप सुरू केली. रिकामी आर्णीला घेऊन गेलो.

पुढचं मी पाहिलं नाही, मायनं सांगितलं. साहेब आपल्या गाडीत बाईंना घेऊन निघून गेले. मंडळाच्या काकू मागं राहिल्या. सायंकाळच्या एसटीची वाट पाहत शाळेच्या ओट्यावर. वेचणाऱ्या बाया त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. सोडलं नाही. "बस ना वो लेकी, टेकून बस." "ऊन लागलं काय वो बाळा?" "पानी देऊ काय माह्या सोन्याले?" माझ्या मायनंच तांब्या पुढं केला.

काकूंनी पाणी घेतलं नाही. घसा कोरडा ठेवून बसल्या. लेकी, बाळा, सोन्या ऐकत.

मालकानं दुसऱ्या दिवशी चावी काढून घेतली. "अबे"पासून सुरुवात केली आणि माझ्या मायबापाचा उद्धार केला. पण नाव घेऊन केला. प्रत्येक शिवीच्या आधी माझं नाव. इतक्या दिवसांत मी त्याला नीट ऐकलंच नव्हतं. शिव्या देणाऱ्या माणसाला मी कोण ते माहीत होतं.

मग काही वर्षं वणीला कोळशाच्या ट्रकवर काढली. काळा होऊन परत आलो. आता पुन्हा आर्णी लाइनीवर आहे, दुसऱ्या मालकाची जीप. आणि माझ्या गाडीचा एक नियम आहे. जो चढता चढता मला राजा, बेटा, बाळा म्हणेल, त्याच्यासाठी गाडी गिअरमध्ये पडत नाही. मी मागं वळून माझं नाव सांगतो. त्यानं ते म्हणायचं. मग गाडी निघते. बाकीच्या सवाऱ्या पहिले चिडायच्या. आता त्याच म्हणतात, "म्हना ना बाप्पा, उशीर होऊन राह्यला."

मागच्या संपात एसटी बंद होती. स्टँडवर वकीलसाहेब उभे. म्हातारे झालेले. पिशवी सांभाळत चढले, मला ओळखलं नाही. "बाळा, कोर्टापाशी सोड."

मी इंजिन बंद केलं. नाव सांगितलं. आडनावासकट.

ते खिडकीबाहेर पाहत बसले. ऊन टिनावर तापत होतं. मला घाई नव्हती. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. धुतलेले हात.

शेवटी त्यांनी म्हटलं. दाताखाली खडा आल्यासारखं. पण पूर्ण.

मी म्हटलं, "जोरात. मागच्यायले आयकू नाही आलं."

त्यांनी जोरात म्हटलं. तेव्हा चावी फिरवली.

कोणी म्हणतं, म्हातारा माणूस होता, सोडून द्यायचं. मी सोडलेलं नाही. सोडणार नाही. बाई चढल्या तर त्यांनाही हेच. त्यांच्या जावयालाही हेच, आणि त्याचा कान माझ्या लक्षात आहे. माझं नाव मी इथं लिहिलेलं नाही. ज्याला माझ्याशी गोड बोलायचं आहे त्यानं आर्णीच्या स्टँडवर यावं, आधी नाव विचारावं.

त्या दिवशी घरी येऊन मायला वकीलसाहेबांची गोष्ट रंगवून सांगितली. ऊन कसं होतं, मी कसा बसलो, म्हातारा कसा ओरडला. माय चुलीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या सारत होती. मागं वळली नाही. पूर्ण ऐकलं. फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली,

"नाव मंग इचारलं तुनं. लग्नातली जिलबी आंधी खाल्ली."